टाचा टेकत नाहीत, घोटा मात्र दुखतो

प्रश्न : ठाण्यात राहणाऱ्या आणि शाळेत शिकवणाऱ्या ४२ वर्षांच्या एका वाचक ताईंचे हे पत्र. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात राजगडावरून उतरताना त्यांचे उजवे पाऊल आत वळून पाय जोरात मुरगळला. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही. तीन आठवडे क्रेप बँडेज बांधले, सूज उतरली आणि विषय तिथेच मिटला. आजही चालताना त्यांना काही जाणवत नाही. मात्र उकिडवे बसायला गेले की उजवी टाच उचलली जाते, आणि ती टेकवण्याचा हट्ट केला तर घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखी कळ येते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माहेरी भारतीय पद्धतीचे शौचालय असल्यामुळे गणपतीत चार दिवस जायचे म्हटले तरी त्यांना धास्ती वाटते. आईचे म्हणणे, "कमोडची सवय लागली की असंच होतं." जिममधला प्रशिक्षक सांगतो की स्क्वॉट करताना टाच उचलली जाता कामा नये, पोटऱ्या आखडल्या आहेत, रोज ताण द्या. त्याप्रमाणे त्या दोन महिने ताण देत आहेत आणि दुखणे वाढले आहे. "मीच कमी पडते आहे का? टाच टेकवून बसायला किती महिने लागतील? की स्क्वॉट कायमचे सोडून देऊ?" असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगी ओळ तुम्ही ओघात लिहून गेला आहात, ती म्हणजे कळ घोट्याच्या पुढच्या बाजूला येते. पोटरी मागे असते. आखडलेल्या पोटरीला ताण बसला तर तो पोटरीत किंवा टाचेच्या मागच्या जाड शिरेत जाणवायला हवा. पुढे चिमटा बसण्याचे कारण बहुधा निराळे असते. टाच टेकत नाही म्हणजे पोटरी आखडली, आणि पोटरी आखडली असेल तर ताणून मोकळी होईल, हे प्रशिक्षकाने गृहीत धरले आणि तुम्ही विश्वासाने दोन महिने पाळले. त्या गृहीताला तुमचा स्वतःचा पाय रोज नकार देत होता. म्हणून कमी पडण्याचा प्रश्न आधी बाजूला ठेवू.

खाली बसताना घोट्यात काय होते ते थोडे समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे जाईल. पाऊल जमिनीवर स्थिर असते आणि नडगी त्याच्यावरून पुढे झुकते. नडगीचे हाड आणि दोन्ही बाजूंचे घोटे मिळून एक चौकट तयार होते, आणि त्या चौकटीत घोट्याचे मुख्य हाड, म्हणजे टॅलस, बसलेले असते. नडगी पुढे येते तसे टॅलसला मागे सरकावे लागते. त्याचा पुढचा भाग मागच्यापेक्षा रुंद असल्यामुळे जितके खोल बसावे तितका तो चौकटीत घट्ट रुतत जातो. सपाट रस्त्यावर चालताना नडगीला साधारण दहा अंश पुढे झुकणे पुरते. टाचा टेकवून पूर्ण उकिडवे बसायला मात्र पस्तीस अंश किंवा त्याहून अधिक झुकावे लागते. त्यामुळे चालताना काहीच न जाणवणे आणि बसताना कळ येणे यात विसंगती नाही. चालण्याने घोट्याची ही परीक्षा कधी घेतलीच नव्हती.

हे झुकणे दोन ठिकाणी अडू शकते. मागे अडते तेव्हा पोटरीचे स्नायू, टाचेची शीर किंवा सांध्याचे मागचे आवरण आखडलेले असते. अशा वेळी ओढ मागे जाणवते, ती सोसण्यासारखी असते आणि व्यायामाने हळूहळू कमी होते. पुढे अडते तेव्हा नडगीची कड आणि टॅलसची मान यांच्या मध्ये काहीतरी दाबले जाते. पाऊल आत वळून मुरगळते तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या घोट्यापासून टॅलसकडे जाणारा अस्थिबंध, म्हणजे दोन हाडांना जोडणारा चिवट पट्टा, पहिल्यांदा दुखावतो. सूज उतरल्यावरही पुढच्या भागातले आवरण जाड राहू शकते, टॅलसचे मागे सरकणे अडखळू शकते, आणि काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे घासून हाडाच्या कडेला छोटा उंचवटा तयार होतो. फुटबॉल खेळणाऱ्यांमध्ये हा प्रकार इतका आढळतो की इंग्रजीत त्याला फुटबॉलपटूचा घोटा असेच नाव पडले आहे. पुढे अडलेल्या घोट्याला जोर लावून आणखी झुकवणे म्हणजे दारात बोट अडकलेले असताना दार लोटत राहणे. दोन महिन्यांत दुखणे वाढले त्याचे कारण मला यात दिसते. पत्रावरून निदान करता येत नाही, हे मात्र दोघांनीही लक्षात ठेवायला हवे.

हे घरच्या घरी थोडेफार तपासता येते. अनवाणी, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा. उजव्या पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटे मागे ठेवा, टाच पक्की टेकलेली असू द्या आणि गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत पुढे नेऊन भिंतीला लावा. लागला तर पाऊल आणखी थोडे मागे घ्या. टाच न उचलता गुडघा भिंतीला जेमतेम टेकतो त्या शेवटच्या जागी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर मुलांच्या पट्टीने मोजा, आणि मग डावा पाय मोजा. सर्वसाधारणपणे दहा सेंटीमीटरच्या आसपास अंतर ठीक मानले जाते, आणि एका सेंटीमीटरमागे साधारण साडेतीन अंश धरतात. तुमच्यासाठी त्या आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक जास्त बोलका आहे. तो दोन सेंटीमीटरहून अधिक असेल तर उजव्या घोट्यात जुन्या दुखापतीचा अडसर उरला आहे असे समजायला हरकत नाही. मोजताना आणखी एक गोष्ट टिपून ठेवा, कारण ती पट्टीवर दिसत नाही. शेवटच्या क्षणी ओढ मागे जाणवली की चिमटा पुढे बसला, ते लगेच लिहा. दोन मिनिटांनी आठवून लिहिलेले भरवशाचे नसते. कळ आली तर त्याच्या अलीकडचे माप धरा, पुढे रेटू नका.

आता आईच्या म्हणण्याकडे येते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे हॅवलॉक चार्ल्स यांनी 1893 मध्ये पंजाबी माणसांच्या पायांच्या हाडांवर एक निबंध प्रसिद्ध केला. नडगीच्या खालच्या कडेवर आणि टॅलसच्या मानेवर, जिथे खोल उकिडवे बसताना दोन हाडे एकमेकांना टेकतात, तिथे त्यांना छोटे गुळगुळीत पृष्ठभाग दिसले होते. उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांवर असे ठसे दिसले तर ती माणसे उकिडवी बसत असावीत, असा तर्क अभ्यासक आजही लढवतात. सवयीचा परिणाम हाडापर्यंत पोहोचतो, हे आईचे म्हणणे म्हणून अगदीच निराधार नाही. पण ताई, कमोडवर दोन्ही पाय बसतात, आणि तुमचा दुखतो एकच. कमोडने तुमची उकिडवे बसण्याची सवय मोडली असेल. उजव्या घोट्यात चिमटा आणलेला नाही. दोन्ही टाचा सारख्याच उचलल्या जातात आणि कुठेच दुखत नाही, असे लिहिणाऱ्या वाचकांना मात्र आईचे उत्तर बरेचसे लागू पडेल, आणि त्यांनी घाबरून जाण्याचे काही कारण नाही.

प्रशिक्षकाचा नियमही थोडा तपासून पाहू. वजन खांद्यावर घेताना तळपाय पूर्ण टेकलेला असावा हा सल्ला चांगल्या हेतूचा आहे, कारण त्याने तोल राहतो. पण टाच उचलली की बैठक चुकली, हा सार्वत्रिक नियम नव्हे. आपल्या तालमींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बैठका मारल्या जातात त्या खाली जाताना टाचा उचलून, चवड्यांवर. कुस्तीगिरांना कोणी आखडलेल्या पोटऱ्यांचे म्हणत नाही. वजन उचलणाऱ्या खेळाडूंच्या बुटांना साधारण दोन सेंटीमीटर उंच कडक टाच असते ती मुद्दाम, म्हणजे घोट्याला कमी झुकावे लागते. मालासन, म्हणजे उकिडवे बसण्याचे आसन, शिकवताना टाचांखाली घडी केलेली चादर सारण्याची पद्धत योगवर्गांत अगदी रुळलेली आहे. शिवाय मांडीचे हाड धडाच्या मानाने लांब असणाऱ्यांना तोल सांभाळण्यासाठी गुडघे अधिक पुढे न्यावे लागतात, म्हणजेच घोट्यात अधिक वाकावे लागते, आणि हाडांची लांबी कोणत्याही व्यायामाने बदलत नाही. टाचेखाली आधार घेणे ही लबाडी नव्हे, हे प्रशिक्षकाला माझ्या नावावर सांगितलेत तरी चालेल. ज्याकडे त्याने खरोखर लक्ष द्यायला हवे ते निराळेच आहे. टाच टेकलेली दिसावी म्हणून पावलाची कमान आत कोसळते आणि गुडघा आत वळतो का, हे त्याने पाहावे. घोट्याला जे जमत नाही ते पाऊल आणि गुडघा असे चोरून भरून काढतात, आणि काही महिन्यांनी गुडघेदुखीची तक्रार घेऊन माणूस येतो.

आता करायचे काय? स्क्वॉट सोडू नका, पण चिमटा बसवणारे सगळे ताण सहा आठवडे पूर्ण बंद ठेवा. भिंतीला पाय लावून किंवा फळीवर उभे राहून घोटा जबरदस्तीने झुकवणे त्यातच आले. स्क्वॉट करताना दोन्ही टाचांखाली दोन सेंटीमीटर जाडीची, न घसरणारी फळी किंवा जिममधल्या वजनाच्या चपट्या चकत्या ठेवा. आधार एकाच टाचेखाली घेतला तर कंबर तिरकी होते. पाऊल थोडे बाहेर वळवा, पाय थोडे रुंद ठेवा आणि कळ सुरू होण्याच्या अलीकडे थांबा. खुर्चीच्या उंचीपर्यंतच जाता आले तरी मांड्यांना आणि कमरेला पुरेसे काम मिळते.

सोबत घोट्याची हालचाल चिमट्याच्या अलीकडच्या टप्प्यात रोज करायची. वर सांगितलेलीच भिंतीची हालचाल, पण मोजण्यासाठी नव्हे. गुडघा संथपणे पुढे-मागे, पंधरा-वीस वेळा, दिवसातून दोनदा. मोठी ओढ येईपर्यंत धरून ठेवायचे नाही. पोटरीचे दोन थर असतात. वरचा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो आणि आतला गुडघ्याच्या खालून. त्यामुळे गुडघा सरळ ठेवून दिलेला ताण मुख्यतः वरच्या थराला पोहोचतो, आणि उकिडवे बसताना गुडघा वाकलेला असल्याने कामाला येतो तो आतला. जिममध्ये तुम्ही सरळ गुडघ्याने ताण देत असाल तर एवढी मेहनत भलत्याच थरावर खर्च झाली असण्याचीही शक्यता आहे. आतल्या थरासाठी गुडघा किंचित वाकवून दोन्ही टाचा उचलणे आणि सावकाश खाली आणणे पुरे, आधी जमिनीवर आणि पुढे जमल्यास पायरीच्या कडेवर. पायरीवर टाच खाली सोडताना पुढे चिमटा बसला तर जमिनीवरच राहा.

तोल हा भाग मुरगळलेल्या पायाच्या बाबतीत जवळजवळ सगळेच विसरतात. अस्थिबंध दुखावतो तेव्हा पाऊल कुठे आहे हे मेंदूला कळवणारी यंत्रणाही मंदावते, आणि म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळतो. दूध तापायला ठेवून ओट्यापाशी उभ्या असाल तेव्हा उजव्या पायावर अर्धा मिनिट उभ्या राहा, हात ओट्यापासून चार बोटे वर. अंगठ्यामागची शीर थरथरताना दिसेल. ते चांगलेच आहे, पाय काम करतो आहे. यासाठी वेगळा वेळ काढायला लागत नाही, म्हणून तो टिकतो. माझ्याकडे येणाऱ्या लोकांनी दिलेले व्यायाम सोडले असतील तर बहुतेक वेळा चटईवर झोपून करायचे सोडलेले असतात, ओट्यापाशी उभ्याने करायचे नव्हे.

दुखण्याचे मोजमाप कसे ठेवावे, हा प्रश्न पुष्कळ वाचक विचारतात. व्यायाम करताना थोडी ओढ किंवा सौम्य दुखणे चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल किंवा सुजला असेल तर मात्रा जास्त झाली; दोन दिवस विश्रांती घेऊन निम्म्यावर या.

तुमच्यासाठी एक प्रत्यक्ष तपासणी मात्र मी टाळू देणार नाही. अस्थिरोगतज्ज्ञांकडून किंवा घोट्याचे काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा घोटा हाताने तपासून घ्या. चार वर्षांपूर्वीचा एक्स-रे मोडलेले हाड शोधण्यासाठी काढलेला होता. जाड झालेले आवरण किंवा टॅलसच्या कूर्चेला झालेली इजा त्यात सहसा दिसत नाही, आणि नंतर तयार झालेला उंचवटा त्यात असणे शक्यच नाही. फिजिओथेरपिस्ट हाताने टॅलस मागे सरकवून पाहतात, आणि अडसर मऊ ऊतींचा असेल तर काही बैठकांमध्ये भिंतीवरचे माप एक-दोन सेंटीमीटरने सुधारलेले दिसू शकते. घोटा आत खोल दुखत असेल, मध्येच अडकत असेल, वरचेवर दगा देत असेल किंवा सहा ते आठ आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर पुढच्या तपासण्यांचा, गरज पडल्यास एमआरआयचा, निर्णय डॉक्टर घेतील. हाडाचा उंचवटाच अडवत असेल तर कितीही ताण देऊन तो विरघळत नाही, आणि मोजक्या लोकांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया सुचवली जाते. तिथवर जाण्याची वेळ बहुतेकांवर येत नाही.

इतर वाचकांसाठी काही गोष्टी इथेच सांगते. घोटा नुकताच मुरगळला असेल तर एक्स-रे कधी काढावा यासाठी 1992 मध्ये कॅनडातील ओटावाच्या डॉक्टरांनी मांडलेले नियम आजही वापरात आहेत. दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळी चार पावलेही टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या आतल्या अथवा बाहेरच्या हाडाच्या टोकाला किंवा खालच्या सहा सेंटीमीटरांतल्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखले, तर एक्स-रे काढून घ्यावा. करंगळीच्या बाजूला पावलाच्या मधोमध असलेल्या हाडाच्या मुळाशी दुखत असेल तरीही. टाचेच्या मागे जिथे शीर हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर पायरीवरून टाच खोल खाली सोडू नये, त्याने शीर हाडावर दाबली जाते. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांच्या काळात टाचेची शीर दुखू लागली तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावे. दोन्ही घोटे सकाळी अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ ताठर राहत असतील तर संधिवाताची तपासणी करावी. मधुमेह असेल आणि पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेले झाले तर, फारसे दुखत नसले तरीही, त्या पायावर भार न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. आणि सलग फार वेळ उकिडवे बसून पावलाच्या वरच्या भागाला बधिरपणा येत असेल तर उठून चालावे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दाबली जाऊन पाऊल वर उचलणेच बंद पडल्याची उदाहरणे शेतात दिवसभर बसून काम करणाऱ्यांमध्ये नोंदली गेली आहेत.

राहिला प्रश्न तुमच्या माहेरचा, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उकिडवे बसता येणे ही आपल्याकडे निव्वळ व्यायामाची बाब कधीच नव्हती. जयपूरमध्ये 1960 च्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला, कारण परदेशी धाटणीच्या कृत्रिम पावलाचा घोटा कडक असे. त्याने बूट घालून चालता येई, पण उकिडवे बसता येत नसे आणि अनवाणी शेतात जाता येत नसे. पाय गमावलेल्या माणसाला त्याच्या घरात आणि शेतात परत बसता यावे हा त्या संशोधनाचा हेतू होता. ते बसणे तुमच्या दृष्टीनेही घरी जाण्याशी जोडलेले आहे, हे तुमच्या पत्रातून जाणवले.

म्हणून गणपतीपुरता तरी घोटा बरा होण्याची वाट पाहू नका. मेडिकल दुकानात शौचालयावर ठेवायची भोकाची खुर्ची मिळते, ती पाठवून द्या. भावाला सांगून शौचालयाच्या भिंतीला एक पकड बसवून घ्या. पाय सत्तर वर्षांचे असोत वा बेचाळिसाचे, ओल्या फरशीवर तिचा उपयोग सगळ्यांनाच होतो. आरतीच्या तयारीला किंवा भाजी निवडायला पाटावर बसा, आणि उकिडवे बसायचेच असेल तर टाचांखाली घडी केलेले पोते घ्या. खुर्चीवर बसले तर लोक काय म्हणतील, असे तुम्ही लिहिलेले नाही, पण पत्राच्या ओळींमधून मला ते ऐकू आले. लोक एक दिवस म्हणतील.

किती महिने लागतील, याचे उत्तर भिंतीवरचे माप दर दोन आठवड्यांनी घेतल्याशिवाय मला देता येणार नाही. मऊ ऊतींचा अडसर असेल तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसायला हवा. डावा पाय हे तुमचे गाठायचे ठिकाण आहे. त्याच्यापलीकडे उजवा जाईल ही अपेक्षा ठेवू नका. डावी टाचही पूर्ण टेकत नसेल तर उजवी टेकवण्यासाठी स्वतःला दमवू नका. आणि माहेरी जाल तेव्हा पट्टी सोबत न्या, आईलाही भिंतीकडे तोंड करून उभे करा आणि तिचे दोन्ही पाय मोजा. अंगणात उकिडवे बसून तण काढत ती वाढली असेल, तर तिचे माप तुमच्या डाव्या पायाच्याही पुढे निघेल असा माझा अंदाज आहे. तिचे आणि तुमचे, दोघींचेही आकडे मला कळवा.